मारोतीच्या पुढचा रस्ता

चंद्रभागेच्या उजव्या पायातली चप्पल ओल्या डांबरात रुतली ती रुतलीच. तिनं ओढून पाहिली, हिसका देऊन पाहिला; शेवटी पाय तेवढा मोकळा झाला आणि चप्पल राहिली तिथंच. माघातली कोवळी सकाळ, वाफाळत्या डांबराचा उग्र वास, गावातल्या दुकानातून खडू घेऊन परत फिरताना शाळेची वेळ टळत चाललेली... आणि ही बाई रस्त्याच्या मधोमध एका पायावर उभी, बगळ्यासारखी!

"टीचर, बोर्ड वाचता येते नं?"

मागून आवाज आला. तिनं मान वळवली. रोलरजवळ पिवळं हेल्मेट घातलेला एक तरणा सुपरवायझर उभा होता. गालावर डांबराचा ठिपका. आणि हसत होता. एखादीची नवीकोरी चप्पल डांबरात जाते आणि हा हसतो!

"वाचता येते म्हणूनच टीचर झाली," ती कडाडली. "'काम चालू आहे' असं लिवलं हाय. 'शाळा बंद आहे' असं कुठं लिवलं?"

"मंग बाजूनं जायचं होतं..."

"बाजूनं तुमीच नाली खोदून ठेवली. उडत जाऊ काय मी?"

त्याचं हसू ओठांवरून गेलं, डोळ्यांत मात्र राहिलं. मेल्याचे डोळेही असे, की धड रागावताही येऊ नये! गळ्यातला रुमाल काढून त्यानं कडेच्या मुरमावर अंथरला. "तवर पाय टेकवा हितं." मग बुटांसकट डांबरात शिरला, पहारीच्या टोकानं चप्पल उचकटली आणि उकिडवा बसून डिझेलच्या बोळ्यानं तिची एकेक कड पुसू लागला. इतक्या निगुतीनं तर चंद्रभागेनं स्वतःची चप्पल कधी पुसली नव्हती.

"रुमाल खराब होईन तुमचा."

"रुमाल धुता येते. तुमचा राग कायनं निघते, ते सांगा..."

"तो नाई निघत. पक्का रंग हाय."

"पाहू," तो हळूच म्हणाला. "कोनती शाळा तुमची?"

"नाल्यापलीकडची. बौद्धवाड्यातली."

हे उत्तर ती नेहमी हनुवटी वर करून द्यायची आणि समोरच्याचा चेहरा बघायची. त्या शब्दासरशी बदललेले चेहरे तिनं पुष्कळ पाहिले होते. याचाही बदलला, पण उजळला.

"जय भीम, टीचर. मी दौलत. नेरडीगोंड्याकडचा."

"जय भीम," ती म्हणाली, चप्पल पायात सरकवली आणि तरातरा निघाली. आभार मानायचे राहूनच गेले. दिवसभर वर्गात तिला पायाशी डिझेलचा वास येत होता, आणि तो तिला मुळीच वाईट वाटत नव्हता.

आता या रस्त्याचं प्रकरण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटायचं, बाई उगाच तापट आहे. तेव्हा आदिलाबाद अजून आंध्रातच होतं. भीमपूरकडच्या करंजटाकळीत गाव म्हणजे मारोतीच्या देवळापर्यंत. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलेलं. बस मारोतीपर्यंत, नळ मारोतीपर्यंत, ॲम्ब्युलन्स मारोतीपर्यंत. पुढं नाला, आणि नाल्यापलीकडं बौद्धवाडा. तिथं माणसं राहतात, गावाचा कापूस वेचतात, मतं देतात, पोरं शिकवून मास्तर-कारकून करतात. पण 'गावात रस्ता झाला' म्हटलं की तो मारोतीपर्यंत झालेला असायचा. वा रे गाव! मागच्या पावसाळ्यात शेजारच्या चंपाबाईला कळा सुटल्या. चौघांनी तिला खाटेवर घालून चिखलातून नेलं, आणि मूल वाटेतच गेलं. ॲम्ब्युलन्स पलीकडं दिवा लावून उभी होती. आता चंद्रभागेची वहिनी रुख्मिणी पोटुशी होती आणि तिचं बाळंतपण ऐन आषाढात येणार होतं. चंद्रभागेनं आणि तिच्या वडलांनी, भिवाजींनी, दरख्वास्ती देऊन देऊन कचेरीचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठं हा रस्ता मंजूर झाला — शाळेपर्यंत. बोर्डावर तसं ठळक तेलुगूत लिहिलेलंही होतं.

म्हणून ती रोज रस्त्यावर लक्ष ठेवून असायची. निदान घरी तरी ती तसंच सांगायची.

"काऊन वं, आज रस्ता कितीक झाला?" वहिनी विचारायची.

"बराच झाला."

"अन सुपरवायझर?"

"वहिनी!"

दुपारी दौलत शाळेत पाणी प्यायला येऊ लागला. मारोतीपाशी हापसा असताना नाला उतरून, चढून यायचा... तहान लागत असेल बिचाऱ्याला! ओट्यावर बसून तो आफ्रिकेतल्या गोष्टी सांगायचा. हैदराबादच्या एका कंपनीबरोबर तो कंपालाला, युगांडाच्या राजधानीत, काम करून आला होता. टेकड्यांवर वसलेलं, रोज वाढत चाललेलं शहर. आणि तिथले रस्ते रुंद, पक्के करायचं दांडगं काम.

"माती आपल्या मुरमावानीच लाल," तो सांगायचा. "पाऊस आला का आखी टेकडी वाहत खाली येते. फटफटीवाले सवाऱ्या घेऊन पळतेत, त्याईले बोडाबोडा म्हनतेत. एका फटफटीवर तिघं, अन वरून केळाचा घड!"

पोरं खिदळायची. चंद्रभागा मात्र खडू बोटांत फिरवत विचारायची, "अन रस्ते आधी कोनाले भेटले?"

दौलतनं तांब्या खाली ठेवला. "आधी... मोठ्या हॉटेलाकडचे झाले. बंगल्याकडचे झाले. खालच्या वस्तीपाशी काम नालीच्या अलीकडंच थांबलं."

"बगा! तिथंबी मारोतीपर्यंतच!"

तो खदखदून हसला. "पन तिथल्या बाया लय वस्ताद. रोलरपुढं खुर्च्या टाकून बसल्या. भाजलेले केळं खात. हालल्याच नाई! शेवटी नालीवर स्लॅब टाकून रस्ता पुढं न्या लागला आमाले."

"तुमी कोनाकून होते?"

"पगार कंपनीचा होता, टीचर."

"मी पगार नाई इचारला."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमी तिथं पाह्यजे होत्या. काम लवकर झालं असतं."

"मले कोन नेते कंपालाले..."

"नेनारा तयार असला तं?"

चंद्रभागेच्या हातातला खडू मोडला. "पोरांनो, पाढे म्हना!" ती मोठ्यानं म्हणाली. पोरांनी एवढा वेळ कान टवकारलेले होते. त्यांनी सगळं गाव ऐकेल अशा आवाजात पाढे सुरू केले.

असं सगळं छान चाललेलं असताना एके दिवशी गिट्टीचे ट्रक मारोतीपाशी डावीकडं वळले. शाळा समोर, आणि ट्रक डावीकडं! तिकडं सरपंच चंपतरावाचा मळा. मळ्याच्या फाटकाशी गिट्टीचे ढीगच्या ढीग पडलेले बघून चंद्रभागेच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच दौलतसमोर जाऊन उभी राहिली.

"रस्ता मळ्याकडं वळून राह्यला. तुमाले माईत होतं?"

दौलतनं बुटांकडं बघितलं. "काल कळलं. सुधाकररावानं सांगतलं." सुधाकरराव म्हणजे ठेकेदार. "सरपंचाचं अन त्याचं जमलं हाय."

"अन तुमी 'हो' म्हनलं."

"चंद्रा..." पहिल्यांदा त्यानं नावानं हाक मारली. वेळ तरी काय शोधली गड्यानं! "मले कंपालाले परत बोलावलं हाय. मान्सं पाठवाचं काम सुधाकररावाच्या साळ्याच्या हातात हाय. हे काम त्याच्या मनासारखं झालं तं पुढच्या महिन्यात मी तिकडं. मायचं घर बांधून होते. अन मी... मी तुमालेबी इचारनार होतो."

"काय इचारनार होते? का चाल माह्यासंग, तिथले रस्ते लय गुळगुळीत झाले? अन माह्या वहिनीले जाऊ दे खाटेवर, चिखलातून?" तिचा आवाज फाटला. "दूर देशाच्या राजधानीत नालीपलीकडं रस्ता नेला तुमी. अन आपल्या मान्साच्या दारात न्यायले हात कापतेत? जराशी लाज?"

तो बुटानं मुरूम उकरत राहिला. काही बोलला असता तर बरं झालं असतं; तिला आणखी चार शब्द सुनावता आले असते. घरी येऊन तिनं भाकरीचं पीठ असं काही रगडलं, की वहिनी म्हणाली, "अवं माय, पिठानं काय घोडं मारलं तुहं?" तेव्हा कुठं चंद्रभागेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रस्त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त दुखत होतं ते हे, की तिला तो माणूस आवडला होता.

आपल्याकडं काम संपलं की रोलरची पूजा होते, आणि रोलरपुढं नारळ फुटला की काम संपलं, अशी रीतच आहे. नारळ फुटल्यावर कोणी पुढं गिट्टीचा एक दगडही टाकत नाही. कागदावर काम पुरं दाखवून मळ्याकडचं मागून उरकायचं, म्हणून सुधाकररावानं मारोतीपुढंच मांडव घातला, रोलरला झेंडूच्या माळा घातल्या, आदिलाबादहून जीपनं इंजिनिअर आले. चंपतराव फेटा बांधून तयार. आणि नारळ वर उचलायच्या वेळेला नाल्याच्या चढावरून बौद्धवाड्यातल्या बाया आल्या. पुढं चंद्रभागा. प्रत्येकीच्या हातात शाळेतली एकेक खुर्ची. रोलरपुढं त्यांनी खुर्च्या मांडल्या, ऐसपैस बसल्या आणि पदरातला हरभऱ्याचा भाजलेला हुळा सोलून खायला लागल्या.

दौलतनं खुर्च्या बघितल्या, हुळा बघितला, आणि त्याचे कान लाल झाले.

"हे काय नाटक लावलं, टीचर?" सुधाकरराव म्हणाला. "गाव मारोतीपर्यंतच असते, कोनालेबी इचारा. अन तुमी लोकं तं नारळ फोडत नाई. नारळच फुटनार नाई तं तिकडं कामाचा शेवट कराव कसा आमी?"

आणि अहो, माना डोलावल्या लोकांनी! शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या, जणू केवढी अडचण सांगितली त्यानं!

"नारळ तुमचा तुमी खा," चंद्रभागा बसूनच म्हणाली. "आमाले गिट्टी पाह्यजे. मूल खाटेवर मेलं आमच्या चंपाबाईचं. तवा नाई कोनाले सुचलं नारळ फोडायचं का नाई ते!"

डोलणाऱ्या माना थांबल्या. चंपाबाई हुळा हातात धरून खाली बघत होती. इंजिनिअरांना मराठी येत नव्हतं. पण काहीतरी बिनसलंय एवढं त्यांनाही कळलं. ते दौलतकडं वळून म्हणाले, "पनि अयिपोयिंदा?" — काम झालं का?

सगळ्यांच्या नजरा दौलतवर गेल्या. सुधाकरराव इंजिनिअरांच्या पाठीमागून डोळे वटारून मान हलवत होता... 'हो म्हण, हो म्हण'. चंद्रभागेनं वर बघितलंच नाही. ती हुळ्यातला एक घाटा सोलत होती आणि तो काही केल्या सुटत नव्हता.

"कालेदु सार," दौलत म्हणाला. झालं नाही, साहेब.

एकदा तोंड उघडल्यावर तो थांबला नाही. तेलुगूत धडाधडा बोलत त्यानं बोर्डाकडं बोट केलं, शाळेकडं केलं, मळ्यातल्या ढिगांकडं केलं. साहेबांनी बोर्ड वाचला. एवढ्या लोकांपुढं तेही काय करणार? शाळेपर्यंत रस्ता न्या, पायपा टाकून नाला बांधा, मगच मला बोलवा, असं सांगून ते जीपमध्ये बसले. चंपतरावाचा फेटा तेवढा उन्हात राहिला.

सुधाकरराव दौलतच्या अंगावर धावून आला. "उद्यापासून यायचं नाई कामावर! अन कंपाला तं इसरूनच जाय. माहा साळा तुले हैदराबादच्या बसमधीबी चढू देनार नाई!"

दौलतनं हेल्मेट काढलं आणि रोलरच्या सीटवर ठेवून दिलं. रोलरवाला म्हातारा डोमाजी एवढा वेळ तंबाखू चघळत होता, त्यानं पचकन थुंकून बायांना हाक दिली, "उठा वं मायबाई, खुर्च्या उचला! तुमच्याकडंच येऊन राह्यलो."

गिट्टी मळ्यातून परत फिरली. अर्धी ट्रकांनी आली, अर्धी बायांनी घमेल्यांनी वाहिली. ट्रकांची वाट बघण्याइतका त्यांचा कोणावर विश्वास नव्हता, आणि का असावा? दौलत रोज येत राहिला, बिनपगारी. नाल्यात पायपा किती खोल बसवायच्या, लाल पाणी कुठून उसळून येईल, हे सगळं त्याला कंपालाच्या टेकड्यांनी शिकवलं होतं. चंद्रभागा त्याला पाण्याचा तांब्या नेऊन द्यायची. दोघं फार बोलत नसत. तांब्या घेताना बोटाला बोट लागायचं... आणि उगाचच दोघंही नाल्याकडं बघायची.

फाल्गुनात पळस पेटला तेव्हा काळाभोर रस्ता शाळेच्या ओट्याला येऊन टेकला. पोरं त्यावर अनवाणी धावत सुटली होती. दौलत ओट्याशी उभा होता, खांद्याला पिशवी लावून.

"झाला तुमचा रस्ता."

"आपला म्हना."

तो हसला, पण डोळे काही हसले नाहीत. "माह्याजवळ आता काईच नाई, चंद्रा. ना कंपाला, ना हे काम. मायचं घर अर्धंच राह्यलं. आदिलाबादले शोधीन कुठं तरी... अशा मान्सानं कोनाले काय इचाराव?"

"लय बोलता तुमी," ती चिडून म्हणाली. "शंभर लोकाईपुढं साहेबाले 'झालं नाई' म्हनता येते, अन मले एक गोष्ट इचारता येत नाई? काम गेलं तं दुसरं भेटन. घर राह्यलं तं दोघं मिळून बांधू. पन त्या दिवशी तुमी 'हो सार' म्हनलं असतं नं... तं मी तुमचं तोंड पाह्यलं नसतं. जलमभर."

"अन आता?"

"आता पाहूनच राह्यली नं..." ती म्हणाली, आणि नेमकं तेव्हाच तिला त्याच्याकडं बघवेना.

दौलतनं पिशवी खाली ठेवली. मग घसा खाकरून म्हणाला, "मायले घेऊन येऊ तुमच्या घरी? मागनी घालाले?"

"या."

"पन ती म्हातारी हाय. तिच्यानं जास्त चालनं होत नाई..."

"चालाचं कायले?" चंद्रभागा म्हणाली. "गाडी दारापर्यंत येते आता."