मानेचा फोटो

मी तापट माणूस, हे तुला ठाऊकच आहे. त्या दुपारीही तापलोच होतो. बस, सांगतो.

२००६ चा एप्रिल. पनवेलच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढायचो. खोली तळमजल्याला, खिडकी नाही. डबा उघडतोय तोच रंभा आली. उरणकडची कोळीण, सात महिन्यांची पोटुशी, कडेवर तीन वर्षांची रोशनी. पोरीला सणसणीत ताप, मान ताठ, तोंडातून लाळ गळतेय, थुंकीसुद्धा गिळवेना. मान लचकली समजून घरच्यांनी चार दिवस तेल चोळलं होतं. अनुया डॉक्टरांना मात्र घशामागे पू साठल्याची शंका होती. चिठ्ठीवर लिहिलेलं, मानेचा फोटो, बाजूने, ताबडतोब.

पोटुशी बाई आत चालत नाही, म्हणून रंभाला बाहेर बसवलं. नवरा काळूराम वर केसपेपरच्या रांगेत. पोर एकटी स्टुलावर बसेना, सारखी पुढे कलंडायची. पोरं हलली की मी त्यांना चादरीत गुंडाळून सरळ टेबलावर आडवं करायचो. वीस वर्षांची सवय रे! तशी हिलाही उचलली. तिच्या घशात घुर्र... घुर्र... सुरू झालं.

"निजवू नको रं तिला..."

दाराशी एक म्हातारी उभी. लुगड्याला खाडीच्या चिखलाचा वास. दार मी आतून लावलं होतं. पण म्हटलं, असेल आजी, शिरली असेल मघाशीच.

"मग धरा तुम्ही! आणि हा शिशाचा एप्रन घाला," मी खेकसलो.

"मला नाय लागत..."

तिनं पोरीला स्टुलावर बसवलं आणि मागून हनुवटी अलगद वर धरली. "वर बघ, बाय... माज्या तान्हीला पन अशीच निजवली होती त्यांनी..."

घुरघुर थांबली. मी बटण दाबलं.

पोरीला रंभाच्या कडेवर दिलं, फिल्म धुतली आणि ओलीच घेऊन वर धावलो; म्हातारीकडे लक्षच नव्हतं. डॉक्टरांनी ती उजेडात धरली. मणक्यापुढे पुवाची जाड सावली. "मान वाकलेली असती तर कळलं नसतं," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "आडवी नाही ना केलीत? हिला झोपवली असती तर श्वासच बंद झाला असता."

टेबल आणि त्या पोरीमध्ये वीतभर अंतर उरलं होतं.

तासाभरात घशातून पू काढला. तिसऱ्या दिवशी रोशनी पेज प्यायली, आणि मी, हा असा खडूस माणूस, जिन्यात उभा राहून रडलो. मग रंभाला म्हटलं, "आजींचे उपकार आहेत तुमच्यावर."

"कोन आजी? आमच्यासंगं कोनीच नव्हतं, दादा."

वाळलेली फिल्म मी पुन्हा दिव्यावर लावली. हनुवटी वर उचललेली, नीट. तिच्याखाली धरणाऱ्या हाताची हाडं दिसायला हवीत ना? एकही नव्हतं. अधांतरी दोन पांढरी कडी तेवढी होती, बाईच्या मनगटात बसतील एवढी. आणि त्यातल्या एकात अडकवलेला, तान्ह्या बाळाच्या पायात घालतात तसला इवलासा वाळा.