चार नंबरचा बिल्ला

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी तो एकवीस मैलांचा आखूड लोहमार्ग बंद पडला, आणि म्हातारीला वाटलं, सुटले बाई एकदाची. नवरा चावीवाला. तीस वर्षं रोज हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकत चार मैलांवरच्या पुलापर्यंत जायचा आणि परत यायचा. आता घरात बसेल, गुडघे शेकेल. कसलं काय. रूळ उपटून नेले, मागं नुसती खडी उरली, तरी हा बाबा सातच्या ठोक्याला तयार.

"कुठं निघालात?"

"बिल्ला बदलायला. रोज काय विचारतेस?"

प्रत्येक चावीवाल्याकडे नंबर कोरलेला पितळी बिल्ला असायचा. पलीकडचा चावीवाला पुलावर यायचा आणि दोघं बिल्ले बदलायचे. दोघंही आपापल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालल्याचा तो पुरावा. ह्याचा चार, त्याचा पाच. गाडी बंद होऊन सहा वर्षं झाली, तरी खुंटीवर आज चार, उद्या पाच. दोघं म्हातारे सारखेच खुळे, म्हणून ती कपाळाला हात लावायची.

थोरला जावई शाळेत मास्तर. त्या लोहमार्गाचा इतिहास लिहायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलेलं. आला की सासऱ्यापुढं वही उघडून बसायचा.

"मामा, पूल तर चार वर्षांपूर्वीच पाडला. मग भेटता कुठं?"

"पुलावर."

"खाली ओढ्यात उभे राहत असतील," चहाचा कप आपटत ती म्हणाली. "तुम्ही तरी त्यांच्या नादी लागू नका, जावईबापू."

"आणि समोरचा आलाच नाही तर?"

"अर्धा तास थांबायचं. मग तो भेटेस्तोवर पुढं चालत राहायचं. नियमच आहे तसा."

त्या सोमवारी डॉक्टरांनी बजावलं, हृदय थकलंय, चालणं बंद. मंगळवारी उजाडताच तिनं खुंटीवरचा चार नंबर काढून पेटीत टाकला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

म्हाताऱ्यानं आदळआपट केली नाही. भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची ओढून बसला.

नऊला म्हणाला, "पोचला असेल."

साडेनऊला म्हणाला, "निघाला. किल्ली दे, अजून वाटेत गाठीन त्याला."

"मसणात गेली किल्ली. येऊ दे त्याला इथं, चांगली हजेरी घेते."

"इथं यायला नको त्यानं," म्हातारा हळूच म्हणाला.

साडेअकराला ती भाजी चिरत होती, तेव्हा बाहेर लोखंडावर लोखंड वाजलं. टण्. जरा थांबून पुन्हा, टण्. ती वैतागून, विळी तशीच टाकून दारात आली. लांबवर नुसती खडी. माणूस नाही. आवाज मात्र जवळ येत होता, सावकाश, एकही चावी न चुकवता.

फाटकाशी.

अंगणात.

मग तिच्या पाठीमागं, घरात.

मग थांबला.

म्हातारा खुर्चीत तसाच बसलेला, डोळे घड्याळावर. मूठ उघडायला जावयाला बोलवावं लागलं. आत पाच नंबरचा बिल्ला होता, हाताला चटका बसावा इतका गार.

पेटीला कुलूप होतं. किल्ली तिच्या कमरेला होती. आत कपडे होते, बिल्ला नव्हता.

जावयाच्या वहीत शेवटच्या पानावर एवढंच आहे: पाच नंबरचा चावीवाला गाडी बंद झाली त्याच वर्षी, दहा जूनला, पुलावर वारला. चार नंबरचा वारला सहा वर्षांनी, मंगळवारी सकाळी साडेअकराला, आपल्या घरी.