जोतीरामदादांची तिसरी बॅटरी

फौजेत सतरा वर्षं मी गाड्यांच्या वायरी धुंडाळल्या. निवृत्त होताना हवालदार होतो, पण उंब्रजमध्ये फौजेतनं आलेला माणूस मेजरच असतो, त्यामुळे दुकानाच्या पाटीवरही 'मेजर ऑटो इलेक्ट्रिक' असंच रंगवलंय. बॅटरी उतरते म्हणजे करंट कुठून तरी जातोय, आणि जातोय ती जागा शोधली की सापडते. एवढ्या एका गोष्टीवर माझा सगळा विश्वास.

म्हणून जोतीरामदादांची जुनी पांढरी गाडी महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मला त्यांचाच राग आला. त्यांच्या बायकोला, मनुवहिनींना, सोमवार, बुधवार, शनिवार सकाळी सातला कराडला डायलिसिसला न्यावं लागे. त्यांच्या वाडीवर एसटी आली तर आली. एक खेप चुकली की वहिनींचे पाय सुजत, दम लागे. दोन चुकल्या तर काय, ते घरात कुणी बोलत नसे.

"दिवा चालू ठेवता तुम्ही," मी म्हणालो.

"आवं मेजर, दिवा न्हाई, रेडिओ न्हाई. चावी माझ्या खिशात असती," दादा म्हणाले. "तरी सकाळी नुसती टकटक करतीया. माणूस जायाचं की हो माझं ह्या गाडीपायी."

गुरुवारी दुपारी मी मीटर घेऊन वाडीवर गेलो. गाडी अंगणात, उसाच्या कडेला उभी. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, मधे मीटर जोडला. अठ्ठावीस मिलिअँपिअर. घड्याळाला वगैरे तेवढं लागतंच. गाडी निरोगी होती.

तेवढ्यात वहिनी भिंतीला धरत आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. घरात गार लागतं म्हणून त्या दुपारभर गाडीतच ऊन खात. रात्री झोप आली नाही तरी तिथंच येऊन बसत.

आकडा चार अँपिअरवर गेला.

दाराचा दिवा असणार. बल्ब काढला. चार. एकेक करून सगळे फ्यूज उपटले. चार. शेवटी जाड लाल तारच सोडवली. आता बॅटरीची एक बाजू हवेत होती, करंटला जायला वाटच नव्हती.

चार.

"वहिनी, जरा उतरता का?"

त्या उतरल्या. शून्य.

"बसा."

चार.

"मीटर बिघडलाय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही. दादा मात्र मीटरकडे बघतही नव्हते. त्यांनी मला गोठ्याकडे नेलं आणि खिशातनं दवाखान्याचे कागद काढले.

"हे बगा. रगतातलं ते क्रिएटिनिन, दिवाळीला नऊ हुतं. मागल्या हप्त्यात सा. काल चार. डॉक्टर म्हणत्यात, किडनी अशी कवा सुदरत न्हाई." ते हळू आवाजात बोलत होते, चोरी पकडली गेल्यासारखे. "मेजर, दोन बॅटऱ्या बसत्याल का? नायतर ट्रॅक्टरची मोठी?"

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. आणि मी रागावलो, कारण भ्यालो की मी रागावतो.

"दादा, येडेपणा सोडा. बॅटरी गाडीला असते. माणसाला नाही."

शुक्रवारी संध्याकाळी मी जाऊन बॅटरी काढून घेतली. आमच्या दुकानाचा नेम असा की गिऱ्हाइकाची बॅटरी चार्जिंगला न्यायची तर बदल्यात दुकानातली एक बसवून द्यायची. त्या दिवशी मुद्दाम बसवली नाही. एक रात्र गाडी रिकामी राहू दे, वहिनी आहेत तशाच राहतील, आणि दादांच्या डोक्यातलं भूत उतरेल. माझ्याही.

"मेजर, एवढी रात तरी दुसरी ठिवून जावा," दादा मोटरसायकलच्या मागं मागं आले. "कसलीबी चालंल."

"सकाळी सहाला आणतो. कराडची वेळ चुकणार नाही."

रात्रभर मला झोप नव्हती. दोनदा उठून चार्जर बघितला.

सहाला वाडीवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. अंगणात सडा पडलेला होता. वहिनी विहिरीकडनं येत होत्या. डोक्यावर भरलेली घागर, हातात कळशी. भिंतीचा आधार नाही. पायांची सूज नाही.

"हळू, भावजी," त्या हसून म्हणाल्या. "आत्ता डोळा लागलाय त्यास्नी. रातभर माजा हात धरून बसल्यात गाडीत. सोडा म्हनलं तरी सोडंनात."

बॅटरी माझ्या हातात तशीच राहिली.

दादा ड्रायव्हरच्या सीटवर होते. मान एका बाजूला, ओठ जरा उघडे. एका रात्रीत गाल आत गेलेले.

मी बॅटरी खाली ठेवली. उघड्या खिडकीतनं हात घालून त्यांचं मनगट धरलं.

बराच वेळ नाडी शोधत राहिलो.

मागनं कळशी टेकवल्याचा आवाज आला. वहिनी जवळ आल्या होत्या. पहाटेच्या त्या थंडीत त्यांच्या अंगावर साधी शालसुद्धा नव्हती.

"आज कराडला नगं, भावजी," त्या म्हणाल्या. "मला लय बरं वाटतंय. त्यास्नी निजू द्या." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी काळजीनं हात पुढं केला. "तुमास्नी काय हुतंय? धरा की माजा हात."