शिंगाच्या मुठीचा चाकू

आप्पांची मोठी कात्री धारेला टाकायची म्हणून मी खंडोजीरावांच्या दुकानात गेले, आणि काचेच्या कपाटासमोर उभी राहून भलतंच बोलून बसले...

“मिटणारा चाकू आहे का? पर्समध्ये मावेल असा?”

कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेतलं ते दुकान माझ्या जन्माआधीपासूनचं. कात्र्या, अडकित्ते, विळ्या, न्हाव्यांचे वस्तरे, आणि आतल्या बाजूला धारेचं चाक. माझे आप्पा, म्हणजे कृष्णाजी टेलर, तिथलं जुनं गिऱ्हाईक. गल्ल्यावर एरवी खंडोजीराव असत. त्या दिवशी नेमका त्यांचा मुलगा होता, विनोदकुमार. आमच्या आळीतल्या गणपतीत हा मागे कुठेतरी उभा असायचा, एवढीच माझी ओळख. आता चांगला उंच झाला होता. बाह्या दुमडलेल्या, मनगटापर्यंत पोलादाची काळी पूड, आणि ओठांवर मिशी. मिशी त्याला अजिबात शोभत नव्हती, हे मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

“कशासाठी हवाय अक्का?”

“पेरू कापायला.”

“पेरूसाठी एवढा हात थरथरतो?”

मी हात काचेवरून काढून घेतला. “आणि अक्का म्हणू नका. तुमच्याहून लहान आहे मी.”

“सरी, बरं. मग काय म्हणू?”

“नाव आहे मला. वाणी.”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला, आणि एवढा लाल झाला की मला त्या थरथरत्या हातासकट हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

पेरूचं खोटंच होतं. तेव्हा, म्हणजे शहाण्णव साली, मी येलहंक्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. मार्केटातून बस धरायची, संध्याकाळी त्याच बसने परत. आणि त्या बसला एक माणूस येऊ लागला होता. कॉलरला पांढरा रुमाल लावलेला, हातात डब्याची पिशवी, दिसायला चारचौघांसारखा संसारी. आधी तो नुसता मागे उभा राहायचा. मग माझ्याबरोबर उतरायला लागला. मग घराच्या कोपऱ्यापर्यंत मागे मागे यायला लागला. आणि आदल्याच दिवशी कानाशी वाकून म्हणाला होता, “तुझी बहीण, स्मृती ना? तिची शाळा कुठल्या गेटातून सुटते तेही बघून ठेवलंय मी.”

घरी सांगायची सोय नव्हती. आईने डोक्याला हात लावला असता आणि आप्पांनी एवढंच म्हटलं असतं, “मग नोकरी सोड.” पुढच्या महिन्यात होसूरहून सांगून आलेलं ते स्थळ, आणि वर्षाच्या आत पाळणा. तो रुमालवाला मात्र खुशाल बसमधून फिरत राहिला असता. मला माझी नोकरी हवी होती, माझी खिडकीची जागा हवी होती, संध्याकाळी घरी चालत येणं हवं होतं. म्हणून चाकू.

विनोदकुमारने यातलं काही विचारलं नाही. त्याने कपाटातून चाकू काढून काचेवर एकेक करून मांडले.

“हा पितळी मुठीचा दिसतो छान. पण जड आहे, आठ दिवसांत घरी ठेवायला लागाल. हा प्लास्टिकचा... हाताला घाम आला की निसटतो.”

“आणि तो? बटनाचा?”

“तो मी विकत नाही. पोलीस धरतात. आणि बटनाचा चाकू घेणाऱ्याला पेरू कापायचाच नसतो.” तो स्वल्प थांबला. “तुम्हाला कापायचाय ना?”

त्याने खालच्या खणातून एक चाकू काढला. काळ्या शिंगाची मूठ, पातं जेमतेम माझ्या करंगळीएवढं. मी घ्यायला हात पुढे केला, तर त्याने तो माझ्या तळहाताशेजारी काचेवर ठेवला.

“हातात नाही देत. भांडण होतं म्हणतात. उचला तुम्ही.”

“आपलं भांडण व्हायला आधी बोलणं तरी व्हायला हवं.”

“तेच तर... होऊ दे की आधी.”

मिशीवाला बोलायला बरा होता म्हणायचा.

चाकू उघडायला मला दोन्ही हात लागले. नखही मोडलं. त्याने मान हलवली. “एका हाताने यायला हवं. दुसरा हात रिकामा असेलच असं नाही.” हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. त्याला कळलं होतं. पेरूचं मी बोलले तेव्हाच कळलं असणार.

मग मी रोज जायला लागले. कधी कात्री, कधी आईची विळी, एकदा तर चांगल्या धारेचा अडकित्ता मुद्दाम दगडावर घासून नेला. त्याने खिळा सैल केला, तेल घातलं, अंगठा कुठे टेकवायचा ते दाखवलं. पातं उघडलं की मागची खिट्टी बसल्याचा टक् आवाज यायलाच हवा, नाहीतर ते आपल्याच बोटांवर मिटतं. पर्सच्या तळाशी ठेवलेला चाकू घरी विसरल्यासारखाच, म्हणून मी कुर्त्याच्या शिवणीत खिसा शिवून घेतला. टेलरची मुलगी असल्याचा तेवढाच फायदा. चाकात ठिणग्या उडत असायच्या, खंडोजीराव आत डुलक्या घेत असायचे, आणि मी काचेशी उभी राहून टक्, टक् करत असायचे.

“आता आलं,” एक दिवस तो म्हणाला.

“म्हणजे आता यायचं नाही?”

तो खाली बघून खिळेच निवडत राहिला. “चाकू शिकून झालं म्हणून माणसं येणं बंद करतात काय?”

मला तो आवडत होता. सरळच सांगते, मिशीसकट आवडत होता. त्याच दिवशी मी त्याला रुमालवाल्याबद्दल सगळं सांगितलं. त्याने निवडलेले खिळे एकेक करून डबीत भरले. शेवटी म्हणाला, “खरं सांगू? हा चाकू विकल्यापासून मला झोप नाही. तुम्ही काढलात आणि त्याने हिसकावून घेतला तर?”

“मग काय करू? नोकरी सोडू?”

“तसं कुठे म्हणालो?” तो चटकन म्हणाला. आळीत तसं न म्हणणारा दुसरा कोणी भेटला नसता.

चाकू काही वापरायची वेळ आली नाही. रुमालवाला मागून यायचा, मी खिशात मूठ घट्ट धरायची, आणि घर यायचं. तेवढ्यानेही माझी मान सरळ झाली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडे नवमीला, आमच्याकडे घरातलं झाडून सगळं हत्यार पूजेला बसतं. आप्पांचं मशीन, कात्र्या, आईची विळी, अगदी सुईसुद्धा. दुसऱ्या दिवशी पूजा उठेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. आणि माझा चाकू? तो घरच्या पाटावर ठेवता येत नव्हता आणि पूजेवाचून ठेवायला मन घेईना. रोज ज्याच्या जिवावर रस्ता चालायचा त्याला एक फूल नको? अष्टमीच्या संध्याकाळी मीच तो दुकानात नेला.

“तुमच्या रांगेत ठेवा.”

विनोदकुमारने तो पाटावर मांडलेल्या वस्तऱ्यांशेजारी ठेवला. “उद्या कारखाना आहे?”

“पूजेपुरता. दुपारी सुटेन.”

“मग उद्या मी येतो.”

“चाकूऐवजी?”

“हो. पर्समध्ये मावणार नाही तेवढं.”

मी हसले, आणि नको म्हणाले नाही.

नवमीला तो नवा शर्ट घालून, कपाळाला कुंकू लावून मार्केटात हजर होता. बसमध्ये तो मागे, मी पुढे बायकांत. सारखी मान वळत होती माझी. येलहंक्याला कारखान्याच्या गेटाबाहेर तो दोन तास उभा राहिला. मी बाहेर आले तेव्हा त्याच्या हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा पुडा. “तुमच्या वॉचमनने दिला. जावई समजून.” त्या वाक्यावर मी मार्केटपर्यंत लाजत आले. रुमालवाला त्याच बसमध्ये आहे हे मी पाहिलंच नाही.

उतरून चामराजपेटेकडे चालायला लागलो. रस्ताभर दुकानांपुढे दृष्ट काढून कोहळे फोडलेले होते, आत भरलेलं कुंकू सांडून डांबर लाल झालं होतं. लाऊडस्पीकर लागले होते. मी दोन पावलं पुढे होते... आणि कोणीतरी माझा दंड धरला.

“आज सोबत आणलीय होय?”

माझा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

“अण्णा, हात सोडा तिचा,” विनोदकुमार म्हणाला. आवाज चढवलाही नव्हता त्याने. रुमालवाल्याने मला सोडलं आणि डब्याच्या पिशवीत हात घातला. टक् असा आवाज आला. बटनाचा चाकू होता तो.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. विनोदकुमारने पातंच मुठीत धरलं. जन्मभर ज्याने पात्याला कुठे धरावं हे लोकांना शिकवलं, त्याने. रुमालवाल्याने पातं ओढून काढलं, मग विनोदकुमारच्या पोटात घातलं. झटापटीत त्याचं स्वतःचंही मनगट कापलं. मी किंचाळत होते, आणि माणसं बाजूने चालत जात होती. सगळा रस्ताच लाल होता, हे कुंकू नाही हे कोणाला कळणार? शेवटी एका फुलवाल्या बाईने टोपली टाकून आरडाओरडा केला तेव्हा गर्दी धावली आणि रुमालवाला पकडला गेला.

विनोदकुमारला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आप्पा धावत आले, त्यांनी माझी ओढणी उलटी करून रक्ताचे डाग आत लपवले आणि मला घरी आणलं. दार लावून म्हणाले, “तू तिथं नव्हतीस. कळलं?”

संध्याकाळी बातमी आली. रुमालवाल्याने पोलिसांना सांगितलं होतं, धारवाल्याचा मुलगा उगाच अंगावर आला, चाकूही त्याचाच. मुलगी? कुठली मुलगी? आणि विनोदकुमार शुद्धीवर नव्हता. चाकूच्या दुकानातला मुलगा आणि रस्त्यावर चाकू. कोणालाही पटेल असंच होतं.

आई माझ्या पाया पडली. “तो बरा होईल, केसही मिटेल. तुझं नाव एकदा कागदावर आलं की मिटायचं नाही गं. स्मृतीचाही विचार कर.” मी स्मृतीचाच विचार करत होते. मी चपला घातल्या. आप्पा आडवे आले नाहीत, नुसते मागे मागे चालत आले.

पोलीस स्टेशनातही पूजा झाली होती. भिंतीशी बंदुका ओळीने उभ्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. बाकावर खंडोजीराव बसले होते, एका दिवसात वाकलेले. ते इन्स्पेक्टरना कानडीत पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “साहेब, आज आमच्या घरात लिंबूसुद्धा कापलेलं नाही. माझा मुलगा आजच्या दिवशी पात्याला हात लावणार नाही.”

इन्स्पेक्टरनी त्या माळा घातलेल्या बंदुकांकडे पाहिलं. “ते मला समजतं आजोबा. पण कोर्टाला माळा दाखवता येत नाहीत. तो तिथं का गेला होता ते सांगणारं कोणीतरी पाहिजे.”

“मी सांगते,” मी म्हणाले.

सांगायला लागल्यावर थांबले नाही. बस, रुमाल, स्मृतीची शाळा, शिंगाच्या मुठीचा चाकू, तो अष्टमीला कुणाच्या पाटावर ठेवला, सगळं. हवालदार लिहीत होता. मग इन्स्पेक्टर म्हणाले, “एक राहिलं. तो तुमच्याबरोबर येलहंक्यापर्यंत कशाला आला? तो तुमचा कोण लागतो?”

“शेजारचा आहे साहेब,” आप्पा घाईने म्हणाले. “ओळखीचा.”

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. आप्पांची मला दया आली, फार आली. पण ओळखीच्या माणसासाठी कोणी पातं मुठीत धरत नाही.

“मी त्याच्याशी लग्न करणार आहे,” मी म्हणाले. “लिहा.”

आप्पांनी हात काढून घेतला. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. होसूरचं स्थळ आपोआप गेलं, आळीतल्या बायका मी दिसले की नळावर गप्प व्हायला लागल्या, आणि मी येलहंक्याची बस धरत राहिले. रुमालवाला कोठडीत होता, तरी मान मागे वळायची ती वळतच होती.

विनोदकुमार दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बोलायला लागला. पोटाची जखम भरत होती. उजवा हात मात्र कोपरापर्यंत बांधलेला. ऑपरेशनसाठी मिशी कुणी का काढली होती कोण जाणे, तो एकदम लहान दिसत होता. आणि मला ती मिशी हवी होती.

“तीन बोटं वळणार नाहीत म्हणाले डॉक्टर,” तो म्हणाला. “चाकावर बसता येणार नाही आता. कात्रीसुद्धा धरता येणार नाही.”

मी त्याच्या चादरीची घडी करत बसले, उलगडत बसले.

“बाबा सांगत होते... तू पोलिसांना काहीतरी सांगितलंस.”

“हो.”

“मला विचारलं नाहीस.”

“तू शुद्धीत नव्हतास.”

तो हसायला गेला, टाके दुखले म्हणून थांबला. मग चेहरा उतरला त्याचा. “तेव्हा तुला हाताचं ठाऊक नव्हतं, वाणी. घाईत माणूस बोलून जातो. माझी सुटका झालीय, आता कोणी तुला त्या वाक्याला धरणार नाही. पाहिजे तर... पाहिजे तर इन्स्पेक्टरना सांग, चुकून लिहिलं गेलं म्हणून.”

“तुला तसं हवंय?”

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत होता. नर्स आली, बाटली बदलून गेली. तो छताकडे बघत राहिला, इतका वेळ की मी उठायला लागले. तेव्हा त्याने डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं. पकड अगदी कमजोर होती.

“जबानी बदलू नकोस,” तो म्हणाला.