सहावा प्रश्न

“हाडं कुठं चालली म्हणायची?”

प्रश्न खालून आला. भार्गवी जिन्याच्या मधोमध उभी होती, तिच्या मिठीत साडेपाच फुटी प्लॅस्टिकचा सांगाडा होता आणि त्या सांगाड्याचा उजवा पाय कठड्याच्या गजांत अडकून बसला होता. वर जाता येईना, खाली येता येईना. अशा वेळी कुणी ओळखीचं भेटू नये एवढीच माणसाची इच्छा असते... आणि भेटला तो अनोळखी. हातात जेवणाचा डबा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसू दाबायची चाललेली धडपड काही लपत नव्हती.

“रशियनच्या तासाला,” ती म्हणाली. जणू सांगाडे रोजच रशियन शिकायला जातात.

“विचारलं का कुणाला?”

“बायोलॉजीच्या नव्या सरांना विचारणार होते. पण ते अजून रुजू झालेले नाहीत.”

“झाले की,” तो म्हणाला. “आत्ताच झाले.”

त्यानं डबा पायरीवर ठेवला, खाली वाकून सांगाड्याचा घोटा अलगद सोडवला आणि पायाकडची बाजू स्वतःच उचलून वर चालू लागला. भार्गवीला खांद्यांकडून उलट्या पावली चढावं लागलं. एका वळणावर दोघांचे हात त्या प्लॅस्टिकच्या फासळ्यांवर एकमेकांना लागले. दोघांनीही हात काढले, आणि सांगाडा पडता पडता वाचला. माणसं भेटण्याच्या नाना तऱ्हा असतात. या दोघांच्या मध्ये आरंभापासूनच दोनशे सहा हाडं होती.

लातूरच्या त्या क्लासमध्ये भार्गवी नांदापूरकर रशियन शिकवत होती. डॉक्टर व्हायला रशियाला निघालेली तीस पोरं तिच्या वर्गात होती. तिथल्या कॉलेजात शिकवतात इंग्रजीत, पण तिसऱ्या वर्षी पेशंटसमोर उभं केलं की पेशंट मात्र रशियनच बोलतो, आणि आपली पोरं नंदीबैलासारखी मान डोलावतात. भार्गवी दीड वर्ष तिकडे राहून आली होती. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिचा हट्ट होता की भाषा पुस्तकातून शिकवायचीच नाही. हाडं दाखवून, नाडी मोजून, थर्मामीटर तोंडात धरून शिकवायची. बायोलॉजी, गणित, केमिस्ट्री, जे पोरांना येतं त्याच्याच खांद्यावर बसवून रशियन आणायची. संस्थाचालक शेषेराव सरांनी तिला तीन महिने आणि पत्र्याखालची वरची खोली दिली होती. ‘बघू’ असंही म्हटलं होतं. आणि शेषेराव सरांचं ‘बघू’ हे बहुतेकदा ‘नको’चं धाकटं भावंड असे.

नवे सर म्हणजे मन्मथ बिराजदार, निलंग्याकडच्या एका खेड्यातले, घरी सोयाबीनची शेती. नाव घराण्याच्या संतावरच्या श्रद्धेनं ठेवलेलं, पण मन्मथ म्हणजे मदनही, म्हणून कॉलेजात मित्रांनी त्यावरून इतकं छळलेलं की तो सही करताना नुसतं ‘एम. बिराजदार’ लिही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, रशियनच्या तासाच्या वेळी, तो न सांगता सांगाड्याचे पाय धरून उभा होता. तिसऱ्या दिवशी तो वर पोचवून खाली गेलाच नाही, मागच्या बाकावर बसला. आठवड्याभरात त्यानं वही केली. पोरांना मजा वाटू लागली, कारण रशियनमध्ये सर त्यांच्यापेक्षा कच्चे होते.

एकदा भार्गवीनं त्याला फळ्याशी बोलावलं आणि विचारलं, डॉक्टर पेशंटला सगळ्यात आधी काय काय विचारतो? त्यानं मराठीत सहा प्रश्न लिहिले. कुठं दुखतंय? कधीपासून? कशानं वाढतं? कशानं उतरतं? आधी असं झालं होतं का? जवळच्या आणखी कुणाला हाच त्रास आहे का? भार्गवीनं शेजारी तेच रशियनमध्ये लिहिले.

“हा सहावा लई कामाचा,” खडू झटकत तो म्हणाला. “पण सगळे हाच विसरतेत. आमच्या आईला दोन वर्षं अंगावर पुरळ होतं. ‘कमलम्मा, जवळच्या आणखी कुणाला हाय का?’ असं एका डॉक्टरनं तिला विचारलं असतं तर कळलं असतं, शेजारच्या काकूला बी हाय. दोघी एकाच हौदावर कपडे धुवायच्या.”

“मग कुणी विचारलं शेवटी?”

“मीच. तेव्हा आठवीत होतो.” त्यानं खडू खाली ठेवला. “डॉक्टर व्हायचं होतं. न्हाई झालो. पण प्रश्न डोक्यात ऱ्हायला.”

त्या दिवशी पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि तास संपल्यावरही दोघं बराच वेळ फळा पुसत होते. फळा तेवढा मोठा नव्हता.

ऑगस्ट सरता सरता शेषेराव सरांनी भार्गवीला बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं की पोरं जिथं जाणार त्या कॉलेजच्या एक बुजुर्ग डॉक्टरीणबाई तीन आठवड्यांनी, शनिवारी, पडद्यावरून पोरांशी बोलतील. पोरं बोलली तर वर्ग पुढंही चालेल. नाही बोलली तर पुढच्या बॅचपासून मोबाइलवर रेकॉर्ड केलेले धडे, आणि मॅडमना नांदेडला घरी परत जायला मोकळीक. ते हसून म्हणाले, पण ते सगळंच हसून म्हणत असत.

भार्गवीनं हे एकट्या मन्मथला सांगितलं. त्या दिवशी सांगाडा उतरवताना त्याचं दोनदा पाऊल चुकलं.

त्या शनिवारी सकाळपासून आभाळ गच्च होतं. पोरं इस्त्रीच्या कपड्यांत, पाठ ताठ करून बसली. भार्गवीच्या लक्षात आलं की आज ती हजेरीच्या क्रमानं बसली आहेत. तिला ते विचित्र वाटलं, पण विचारायला वेळ नव्हता. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या येलेना पेत्रोव्ना आल्या, आणि त्यांनी पहिला प्रश्न शेवटच्या बाकाला विचारला.

तिथंच घात झाला.

शेवटच्या बाकावरच्या बालाजीला त्यांनी विचारलं, माझी पाठ दुखते, तू काय करशील? बालाजी ताडकन उठला आणि अस्खलित रशियनमध्ये म्हणाला की हृदयाला चार कप्पे असतात. दुसरीला विचारलं, तू कुठून आलीस? ती म्हणाली, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. उच्चार सुरेख होते. चूक कुठंच नव्हती, फक्त उत्तर दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं होतं. शेषेराव सरांना रशियनचं ओ का ठो कळत नव्हतं, पण पडद्यावरच्या बाईंच्या भुवया त्यांनाही वाचता आल्या. बाईंनी चष्मा काढला, वॉर्डात जाऊन वीस मिनिटांत परत येते म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

भार्गवीला कळायला पाच सेकंद लागले. शाळेत तपासणीला साहेब आले की गुरुजी करायचे तेच हे. एक नंबरला एक प्रश्न, दोन नंबरला दुसरा, ज्यानं त्यानं आपलं उत्तर घोकायचं, आणि साहेब पहिल्या बाकापासून विचारतात हे धरून चालायचं. तिच्या वर्गात असं करणारा माणूस एकच असू शकत होता.

तो प्रयोगशाळेत सापडला, खिडकीकडे तोंड करून.

“किती दिवस?” तिनं विचारलं.

“पंधरा. रोज सकाळी साडेसहाला, माझ्या रिव्हिजनच्या तासाला.” तो वळला नाही. “माझ्या वहीतनं प्रश्नपेढी काढली होती. तीस प्रश्न, तीस पोरं. आमच्यात असंच करतेत, मॅडम. असंच करून इथवर आलो आम्ही.”

“मी तीन महिने एकच गोष्ट सांगत होते. पाठ करू नका. तुम्ही मागच्या बाकावर बसून ती ऐकत होतात.” ती दोन पावलं पुढं आली. “माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता?”

“भरवसा होता.” आता तो वळला. “भ्यालो होतो. वर्ग बंद झाला तर तुम्ही नांदेडला... दुसरं काही सुचलंच न्हाई.”

वाक्य अर्धं राहिलं. भार्गवीला त्या अर्ध्या वाक्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. तीन महिने तिला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकायला मिळालं ते असं, सगळ्याचा विचका झाल्यावर, भांडणात. तिनं घड्याळ बघितलं. बारा मिनिटं उरली होती.

पोरांना रशियन येतं, ती म्हणाली. कालपर्यंत बोलत होती. आता डोक्यात ते नंबर बसलेत. ते पुसायचे तर असा पेशंट हवा, की ज्याची उत्तरं कुणालाच माहीत नाहीत. ना पोरांना, ना मला.

“मी बसतो,” मन्मथ म्हणाला.

“तुम्हाला रशियन येतं कुठे?”

“दुखणं सांगण्यापुरतं येतं.”

पडदा उजळला तेव्हा फळ्यासमोर खुर्ची होती, खुर्चीत बिराजदार सर होते आणि शेजारी सांगाडा उभा होता. भार्गवीनं येलेनाबाईंना एवढंच सांगितलं की हा पेशंट आहे, पुढचं मलाही माहीत नाही. मग तिनं वर्षाराणीला उठवलं. कंधारची ही मुलगी वर्गात सगळ्यात कमी बोले. हात नेहमी ओढणीत गुंडाळलेले असत. ती पुढं आली. अर्धं मिनिट गेलं. पत्र्यावर थेंब पडू लागले. शेषेराव सरांनी मोबाइल काढला.

“ग्द्ये बलीत?” वर्षाराणीनं विचारलं. कुठं दुखतंय?

मन्मथनं छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. इथं.

ते प्रश्नपेढीत नव्हतं. वर्षाराणी गोंधळली, सांगाड्याकडे वळली, बोटानं फासळ्या मोजत गेली. चौथ्या फासळीखाली? पाचव्या? पाचव्या, तो म्हणाला. ओढणीतले हात सुटले होते. तिनं विचारलं, कधीपासून?

त्यानं शब्द शोधला. त्याला घाम आला होता. “जूनपासून,” तो रशियनमध्ये म्हणाला. मग हळूच, “जिन्यापासून.”

पोरं हसली नाहीत, कारण ती कामाला लागली होती. जिना चढताना धाप लागते का, एकानं बसल्या जागेवरून विचारलं. कठडा लागला का, दुसरीनं विचारलं. बालाजी पाठांतराची चूक धुऊन काढायला धावत पुढं आला, सरांचं मनगट धरलं, आणि मोठ्यानं रशियनमध्ये मोजू लागला. पंधरा सेकंदांत अठ्ठावीस. त्यानं फळ्यावर चारनं गुणलं आणि सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, एकशे बारा.

भार्गवी खिडकीशी उभी होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि तिनं पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

कशानं वाढतं, वर्षाराणीनं विचारलं. रविवारी, तो म्हणाला, रविवारी तास नसतो. कशानं उतरतं? तीन वाजले की. आधी असं झालं होतं का? त्यानं पहिल्यांदा खिडकीकडे पाहिलं.

“न्येत,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

पडद्यावर येलेनाबाई हसू लागल्या होत्या. त्या पुष्कळ बोलल्या, आणि भार्गवी त्याचं मराठी करून सांगत गेली. पोरं डॉक्टरसारखं विचारतात, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं म्हणे. अशीच पाठवा. पेशंटला भरती करायची गरज नाही, पण एकटं ठेवू नये. हे शेवटचं वाक्य तिनं शेषेराव सरांना सांगितलंच नाही.

मग पावसानं पत्रा असा काही धरला की कुणालाच काही ऐकू येईना, आणि पडदा गेला. शेषेराव सर उठले. जाता जाता म्हणाले, पुढच्या बॅचला हा तास दोघं मिळून घ्या. ‘बघू’ म्हणाले नाहीत.

पोरं पांगली. सांगाडा खाली न्यायचा होता. मन्मथनं पाय उचलले, भार्गवीनं खांदे. दोघं उतरू लागले. मग तो म्हणाला की रोज सकाळी जे पाठ करून घेतलं ते चुकलं, माफ करा... आणि नंतर जे बोललो, ते विसरून गेलात तरी चालेल. मास्तर माणूस, घोकलेलं नव्हतं, म्हणून थोडं वेडंवाकडं झालं.

त्या वळणावर, जिथं जूनमध्ये पाय अडकला होता, भार्गवी थांबली. ती थांबली म्हणून सांगाडा थांबला, आणि सांगाडा थांबला म्हणून तोही.

“वर्षाराणी एक प्रश्न विसरली,” ती म्हणाली.

“कोणता?”

“सहावा. सगळे तोच विसरतात म्हणाला होतात ना.”

त्यानं मान वर केली. मग त्यानं विचारलं... प्रश्न त्याचाच होता, पण आवाज आठवीतल्या मुलाचा असावा इतका बारीक.

“जवळच्या आणखी कुणाला... हाच त्रास आहे का?”

भार्गवी नांदेडच्या मास्तरांची लेक. घरात शुद्ध बोलायची शिस्त. पण ती त्याच्याकडे बघत, त्याच्याच गावच्या बोलीत म्हणाली,

“हाय की.”

मग तिनं खांदे नीट धरले आणि दोघं सांगाडा घेऊन खाली उतरू लागले. या खेपेला फासळ्यांवर हात लागले, तेव्हा कुणीच काढले नाहीत.