मोहरीएवढे खड्डे

थिनरच्या डब्यामागे लपवलेली एक छोटी बाटली.

भिंतीवर पाटी : आत येताना तेल, अत्तर, क्रीम, पॉलिश काहीही लावून येऊ नये. खाली वेगळ्या शाईत : म्हणजे नये.

आठवडाभर दाढी न केलेला एक माणूस.

वहीतली नोंद : बॉनेट, डावी बाजू. मोहरीएवढे खड्डे. पुन्हा.

आणि मामांचं वाक्य, अख्ख्या गॅरेजनं ऐकलेलं : तिसऱ्यांदा बिघडलं, तर हात जोडून गाडी परत द्यायची.

*

झालं होतं असं. एका दुपारी गॅरेजच्या दारात एक जुनी निळी गाडी थांबली. चालवणाऱ्यानं काच खाली केली, तोंड उघडलं... आणि तेवढ्यात गॅरेजची पेंटर गाडीभोवती एक चक्कर मारूनसुद्धा आली. गॅरेज तिच्या मामांचं, पण आत हुकूम हिचा, म्हणून सगळे तिला हेडबाई म्हणत. तिनं मास्क हनुवटीवर ओढला.

"कुणी रंगवली ही?"

वडिलांनी दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी रंगवून घेतली, असं तो चाचरत म्हणाला. "कुणाकडून तरी" एवढं तिला पुरलं. दारं संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत – रंग फवारायची गन लांब धरली होती. मडगार्डवर ओघळ – इथं फार जवळ धरली. काचेच्या रबरावर निळी कड – चिकटपट्टी लावायचा कंटाळा. बॉनेटचे पापुद्रे निघतायत, कारण खालचा रंग घासायचे कष्ट नकोत. दुसऱ्याच्या पोराच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली दिसली की काही बायकांचा जीव वरखाली होतो, तसा तिचा होत होता.

तो ऐकत राहिला. गाडीकडे कमी, तिच्याकडे जास्त बघत. शेवटी म्हणाला, "मग... ठेवून जाऊ का?"

*

वहीतली नोंद : सगळा जुना रंग काढला. मालक रंग निवडायला दोनदा आला. एकदा पुरलं असतं.

*

गाडी रंगली. बघायला तो आला आणि खिशातून चक्क भिंग काढून बॉनेटवर वाकला. डाव्या बाजूला बारीक गोल खड्डे होते, मोहरीएवढे.

"माणसं गाडी नुसत्या डोळ्यांनी बघतात," ती फणकारली.

"माझं चष्म्याचं दुकान आहे. नुसत्या डोळ्यांनी माणसांना काय काय दिसत नाही, ते मी रोज बघतो."

हे बोलताना त्याचं भिंग बॉनेटवर होतं. डोळे नव्हते. त्या दिवसापासून त्याचं नाव भिंग पडलं.

पण खड्डे खरेच होते, आणि त्यांचं कारण तिला पाठ होतं. रंगाखाली तेलकट, चिकट असं काही राहिलं, की ओला रंग तिथून अंग चोरतो आणि खड्डा पडतो. त्याच आठवड्यात, त्याच गननं रंगवलेल्या बाकीच्या गाड्या आरशासारख्या निघाल्या होत्या. म्हणजे दोष गाडीत... नाहीतर गाडीवाल्यात.

तिनं त्याची उलटतपासणीच घेतली. डोक्याला तेल? लावतो. डॅशबोर्डला पॉलिश? लावलं होतं. अत्तर? थोडंसं, आणि तेही... इथं यायचं म्हणून, एवढं सांगताना त्याचे कान लाल झाले. तिनं सगळ्यावर बंदी घातली. बॉनेट घासलं, पुन्हा रंगवलं. पहिल्या वेळेसारखाच त्या दिवशीही तो सकाळपासून रंगखोलीच्या काचेपलीकडे उभा. गरज नाही म्हणून सांगितलं होतं तरी उभा.

पुन्हा खड्डे.

मग त्यानं तेल सोडलं, दाढीचं क्रीम सोडलं, साबणसुद्धा सोडला. दुकानात गिऱ्हाईक एक पाऊल मागे उभं राहतं, असं तो तक्रार न करता सांगायचा. त्याची आई त्याला डॉक्टरकडे न्यायच्या बेतात होती. आणि तिचा संताप असा, की ह्या शहाण्या माणसावर धड चिडताही येईना.

तिसरी खेप. पुन्हा खड्डे. डावी बाजू.

*

"गाडी घेऊन जातो," तो म्हणाला. "तुमची चूक नाही, माझ्या गाडीतच काहीतरी आहे. वडील रोज खिडकीतून तिची रिकामी जागा बघत बसतात."

मामांनी हात जोडायला वर घेतलेसुद्धा. गाडी गेली की हाही जाणार, आणि ह्या काचेपलीकडे पुन्हा कशाला येईल... तिच्या पोटात खड्डा पडला. हा मोहरीएवढा नव्हता.

"दहा मिनिटं द्या," ती म्हणाली आणि तिनं खडू घेतला.

तो भिंगातून एकेक खड्डा सांगत गेला, ती त्याभोवती गोल काढत गेली. दोघांची डोकी इतकी जवळ आली की त्याच्या अंगाचा नुसत्या पाण्याचा वास तिला आला. मग दोघं मागे सरकून बघू लागले. गोलांच्या चार लांब ओळी होत्या, आणि बाजूला एक आखूड, तिरकी.

"हा हात आहे," तो हळूच म्हणाला. त्यानं आपला पंजा वर धरून पाहिला. मोठा झाला. मामांचा धरला, त्याहून मोठा.

तिला धरायची गरजच नव्हती. शेवटचं पुसणं झालं, की बॉनेटवरून एकदा उघडा डावा तळवा फिरवायचा, ही तिची जुनी सवय. डोळ्यांना चुकलेलं हाताला कळतं म्हणून.

"कॉम्प्रेसरच हवेबरोबर तेल ओकत असणार," मामा म्हणाले. "बदलूनच टाकतो."

"किंवा माझाच साबण," भिंग म्हणाला. "कुठेतरी राहिला असेल."

दोघंही तिला सोडवायला तयार होते. गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. तिनं भिंतीवरची पाटी पाहिली, स्वतःच्याच अक्षरातली. मग थिनरच्या डब्यामागून बाटली काढून टेबलावर आपटली.

केस चमकवायचं तेलकट सीरम, तळव्यावर घेऊन लावायचं.

मामांनी लेबल दोनदा वाचलं. "अकरा वर्षं मला मिशीला तेल लावू दिलं नाहीस तू," एवढंच म्हणाले, आणि बाहेर नसलेल्या कुणाला तरी हाक मारत निघून गेले.

"पण बाकीच्या गाड्यांना तर काही झालं नाही," भिंग म्हणाला.

"नाही झालं."

"का?"

इतका वेळ दाबलेला वैताग तिच्या तोंडून एकदम बाहेर पडला. "कारण बाकीच्या गाड्यांचे मालक काचेपलीकडे येऊन उभे राहत नाहीत. ते येणार म्हणून मी सकाळी आरशासमोर उभी राहत नाही. अजून काय सांगू... लिहून देऊ?"

त्यानं आपली वाढलेली दाढी खाजवली.

"म्हणजे मी साबण उगाचच सोडला."

"हो."

"आणि अत्तर."

"हो म्हटलं ना."

तो हसायला लागला. आधी हळू, मग भिंग हातातून पडेपर्यंत. "चौथ्यांदा रंगवाल?"

"रंगवीन. पण त्या दिवशी इकडे फिरकायचं नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तिनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "दुसऱ्या दिवशी... साबण लावून या."

*

वहीतली नोंद : बॉनेट. काही नाही.

*

दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत दाढी करून आला. अर्धा तास भिंग घेऊन अख्खी गाडी तपासली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"आता काय शोधतोस?" तिनं विचारलं. तोंडून 'तू' निघून गेलं, ते दोघांनीही मागे घेतलं नाही.

"काही सापडतंय का बघतोय. नाही सापडलं तर गाडी न्यावी लागेल."

तिनं खडू घेतला आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढला.

"इथं आहे."

त्यानं भिंग लावून पाहिलं. "इथं काहीच नाही."

"आहे म्हटलं ना. पुढच्या आठवड्यात दाखवायला आण."

*

पहिल्या दिवशी त्यानं काच खाली केली होती, ती पोस्टाचा रस्ता विचारायला.