विम्याचा शेवटचा प्रश्न

केक पोचवायला म्हणून त्या विम्याच्या ऑफिसात गेले आणि तिथेच अडकले. आमच्या दुकानात मी केकवर फुलं काढते. पोचवणं माझं काम नाही. पण त्या दिवशी पोचवणारा रजेवर, बाहेर पावसाची भुरभुर, आणि त्यांचे साहेब निवृत्त व्हायचे ऐन दुपारी. कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक जण लगबगीनं आला, माझ्या हातातलं खोकं घेतलं आणि विचारलं, कुठून धरायचं? म्हटलं, खालून. तर तिरकं झालं तर फुलं घसरतात का, किती तिरकं चालतं, थंडीत कमी घसरतात का...

"तुम्हाला प्रश्न फार पडतात हो," मी म्हणाले.

"त्याचाच पगार घेतो."

त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर विमानाचं चित्र होतं. प्रवास विमा. आता योगायोग बघा – मला त्याच महिन्यात परदेशी जायचं होतं, साखरेची फुलं शिकायला. आयुष्यात पहिल्यांदा, तेही एकटीनं. विमा काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. मी खुर्ची ओढून बसलेच.

त्यानं तीन प्रकार समजावले. स्वस्तातला घेतला तर हॉस्पिटलचा खर्च मिळतो, पण बॅग हरवली की बोंबलत बसा. मधल्यात बॅगही येते. महागातल्यात बर्फावर घसरून पाय मोडायचीसुद्धा सोय. बर्फावर घसरणार आहात का, त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं. म्हटलं, मी ओल्या फरशीवर घसरते. हसताना तो आधी खाली बघायचा आणि मग माझ्याकडे. मला ते जरा जास्तच आवडलं, खोटं कशाला बोलू.

मधला प्रकार ठरला. राहिला शेवटचा प्रश्न. आधीचा काही आजार? रोजची काही औषधं?

माझ्या पर्समध्ये गोळ्यांची डबी होती. "घरी विचारून सांगते," म्हणून मी उठले. स्वतःचा आजार कोणी घरी विचारतं का? पण तेव्हा तेवढंच सुचलं.

मला लहानपणापासून फिट येतात. येतात म्हणजे यायच्या. गोळ्यांमुळे गेली काही वर्षं शांतता आहे. आईचं एकच म्हणणं, ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. तिचंही चुकत नाही. मी एकदा एकाला विश्वासानं सांगितलं होतं. तो वावगं काही बोलला नाही, नुसते त्याचे फोन कमी कमी होत गेले. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

पण पाय काही ऐकेनात. परत गेले, क्रीमची फुलं काढायच्या नळ्या हरवल्या तर भरपाई मिळते का विचारायला. नंतर एकदा, विमान रखडलं तर चहाचे पैसे कोण देतं हे विचारायला. हे फोनवरही विचारता आलं असतं, आणि त्यालाही ते कळत असणार. तो मला विचारायचा, पाकळी आतून काढता की बाहेरून? हात थरथरला तर? दिवसभर गोडाच्या वासानं डोकं उठत नाही? मी कोणाला इतकी जाणून घ्यावीशी वाटेन, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. शेवटचा प्रश्न जवळ आला की मात्र मला काहीतरी काम आठवायचं.

एक दिवस तोच म्हणाला, "दुसरीकडे स्वस्त मिळतंय का? तसं सांगा. मला वाईट नाही वाटणार... म्हणजे वाटेल, पण सांगा."

मी हसले आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, समजा एखाद्यानं आजार लपवला तर? त्यानं पेन खाली ठेवलं. त्याच्या एका गिऱ्हाइकानं हृदयाचं दुखणं लपवलं होतं. परदेशात हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं आणि कंपनीनं पैसे नाकारले. त्यांचा मुलगा याच खुर्चीत येऊन बसला होता. "तेव्हा मला काही करता आलं नाही," तो म्हणाला. "तुमच्या बाबतीत तसं नकोय मला."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, नाही म्हणून टाक, विमा निघाल्याशी कारण. म्हटलं, आई, तिकडे पडले आणि त्यांनी हात वर केले, तर त्या कागदाचं काय लोणचं घालू? ती माझ्या बॅगेतले घडी केलेले कपडे काढून पुन्हा घड्या घालत बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "सांग बाई काय ते."

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच मी बोलून टाकलं. "आजार आहे. फिट येतात."

आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता आवाज मऊ होणार, नजर वळणार, हे मला पाठ होतं. त्यानं खुर्ची पुढे ओढली. कधीपासून, शेवटची कधी आली, डॉक्टरांचं पत्र मिळेल का... हप्ता थोडा वाढेल, पण पैसे नक्की मिळतील, म्हणाला. वाटलं, संपलं. तर म्हणाला, "आणि आलीच, तर जवळच्या माणसानं काय करायचं?"

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं. दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. लवकर थांबली नाही तर डॉक्टरांना बोलवायचं." तो लिहून घेत नव्हता, नुसते ओठ हलवून पाठ करत होता. "हे सगळं विम्याला लागतं?" मी विचारलं.

"नाही. विम्याला तारखा आणि डॉक्टरांचं पत्र एवढंच लागतं."

"मग?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही परत आलात की मला तुमच्याबरोबर हिंडायचंय... तुमची हरकत नसेल तर. तेव्हा मला माहीत असायला हवं."

माझे डोळे भरून आले होते. ते लपवायला खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक राहिलं सांगायचं. शुद्धीवर आल्यावर थोडा वेळ मला कोणी ओळखू येत नाही. आईसुद्धा. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाही घेणार," तो म्हणाला. "मी परत पहिल्यापासून ओळख करून देईन."